शाजियाच्या वाट्याची नाळ

सहा वर्षांची झाली तरी माझी लेक शाजिया मान धरत नव्हती. जन्मताना गुदमरली आणि मेंदूला इजा झाली. सेरेब्रल पाल्सी, असं नाव डॉक्टरांनी दिलं आणि वर सबुरीचा सल्ला. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

१९९७ साली कुणीतरी, आम्ही आखातात राहायचो त्या मनामा शहरातल्या हॉटेलात अधूनमधून उतरणाऱ्या एका परदेशी डॉक्टरचा पत्ता दिला. तो म्हणाला, नव्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात मूळपेशी असतात. त्या ताज्या असताना शाजियाला टोचल्या, तर ती कदाचित उठून बसेल. त्यातलं 'कदाचित' मी ऐकलंच नाही. दुसरं मूल नकोच म्हणणारी मी लगेच गरोदर राहिले.

सासूबाईंना यातलं काही कळू दिलं नाही. आमच्या रत्नागिरीकडे नाळ आणि वार म्हणजे बाळाच्याच अंगाचा भाग, तो मातीतच जायचा. त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

सिझेरियनच्या दिवशी माझा नवरा उबेद नाळ ठेवायला बर्फाचा थर्मास घेऊन दाराशी उभा होता. बर्फ वितळला म्हणून नवा आणायला गेला, तेवढ्यात नर्स बाहेर आली. पुरण्यासाठी घरच्यांकडे देतात तसं तिने नाळ-वारेचं पुडकं सासूबाईंच्या हाती दिलं.

मी शुद्धीवर आले तेव्हा त्या खुशीत होत्या. "पोरगा झाला गो! आणि वारेची फिकीर करू नको. आपल्या गावच्या जैनुद्दीनच्या गाडीतनं शहराबाहेर बुदैयाला गेले, बागेत खजुरीच्या बुडात पुरून आले. वर धोंडा ठेवलाय, कुत्री उकरायची नाहीत."

मी किंचाळले. टाक्यांतून कळ गेली. उबेद तसाच धावला, उकरून पुडकं थर्मासात घालून हॉटेलात घेऊन गेला. डॉक्टरने थर्मास उघडूनही पाहिला नाही.

"खलास," परत येऊन उबेद एवढंच बोलला.

सासूबाई कपाळ बडवत होत्या. "मला आधी सांगायचं होतं गो!" त्यांच्यावर रागावायचं तरी कोणत्या तोंडाने? रागावायला कुणी उरलंच नव्हतं, याचाच मला जास्त राग येत होता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. पाळण्यात मुलगा भुकेने रडत होता. मी अजून त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मी बाईंचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "पुढचं मूल लवकरात लवकर कधी होऊ शकेल?"