समासातली ओळ

"वाच गं मैने. सावकाश. कॉमा गिळू नकोस, पोटात दुखेल."

हा आवाज मैनेच्या कानात जाऊन बसला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. खाली यंत्रांची धडधड, वर शाईचा वास आणि शाईनं काळ्या पडलेल्या टेबलाच्या दोन बाजूंना बापलेक. बाप इंग्रजी सांजदैनिकात प्रूफरीडर. बातमीची हातानं लिहिलेली मूळ प्रत तिनं मोठ्यानं वाचायची, आणि त्यांनी छापून आलेल्या ओल्या प्रुफावर पेन्सिल चालवत ऐकायचं. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं, कॉमासुद्धा, फुलस्टॉपसुद्धा. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी गाणं म्हणतेय. हे काम खरं तर तिथल्या एका काकांचं. पण काका आठवड्यातले तीन दिवस आजारी. मग सुट्टीत, कुणाला न सांगता, मैना.

आता मैना बावन्न वर्षांची. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना समोर बसवायची आणि म्हणायची, "वाचा. खालची ओळ वाचा." आणि घरी चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा, ज्यांच्या डोळ्यांचा मधलाच भाग विझत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यावर कुठलीही काच चालत नव्हती.

"पोरीचं दुकान चष्म्याचं आणि बापाला दिसत नाही," बाबा म्हणायचे. "छापून आलं असतं तर कापून ठेवलं असतं."

कापून ठेवण्याची त्यांना जुनी खोड. इंग्रजीतली चूक दिसली की त्यांच्या कपाळावर आठी उमटलीच म्हणून समजा. टीव्हीखाली सरकणाऱ्या पट्टीवर एकवचनी क्रियापद अनेकांच्या गळ्यात पडलेलं दिसलं, की हातातला चहा हिंदकळायचा. भाजीवाल्याची पाटी, बिस्किटाचा पुडा, दवाखान्यातली सूचना, काही म्हणता काही सुटायचं नाही. "अरे, शाळेत गेला होतात की नुसता डबा खायला गेला होतात?" असं ते टीव्हीला विचारायचे. जावईबापू हळूच आवाज बंद करायचे. "आवाज कशाला बंद करता? चूक दिसतेय, ऐकू येत नाहीये," असं वर ऐकून घ्यायचे.

डोळे गेल्यापासून मात्र घर शांत झालं होतं. ही शांतता मैनेला खुपायला लागली. एका रविवारी दुकान बंद होतं, तिनं पेपर घेतला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बाबा, वाचू?"

"कॉमासकट?"

"कॉमासकट."

तिनं सुरुवात केली आणि जिभेला जुनी चाल आपोआप सापडली. शब्द, शब्द, कॉमा. शब्द, शब्द, फुलस्टॉप. बाबांनी मान मागं टेकली. तिसऱ्या बातमीत त्यांचं बोट वर गेलं.

"थांब. 'इट्स'मध्ये वरचं टिंब, अपॉस्ट्रॉफी, दिलंय का त्यांनी?"

"दिलंय."

"नको होतं!" त्यांचा चेहरा उजळला. "ती वही काढ. कपाटात, खालच्या कप्प्यात. लिहून घे."

वहीबद्दल तिला माहीत होतं, पण उघडून कधी पाहिली नव्हती. तिला वाटायचं, आत बापाचा राग भरलेला असणार. जाड पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यात चूक चिकटवलेली किंवा उतरवलेली. दुसऱ्यात शुद्ध रूप. आणि तिसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं, 'कशी झाली असेल?'

मैना थबकली. मग उभ्याउभ्याच वाचायला लागली.

भाजीवाल्याच्या पाटीवरचं उगीचचं टिंब: 'पाटीत जागा उरली होती. रंगाऱ्याला मोकळी जागा बघवली नाही. प्रत्यक्ष विचारलं. हसला. खरं निघालं.'

टीव्हीवरची पट्टी: 'वाक्य सुरू केलं एकानं, संपवलं दुसऱ्यानं. मध्ये पाळी बदलली.'

बिस्किटाचा पुडा: 'चौघांनी तपासला असणार. प्रत्येकाला वाटलं, आधीच्यानं नीट वाचलंय.'

दवाखान्यातली सूचना: 'लिहिणारी बाई रडत होती. अक्षरावरून अंदाज. विचारायचं धाडस झालं नाही.'

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही चुकांवर चिडता ना?"

"चिडतोच. आधी चिडतो. चिडून झालं की कुतूहल वाटतं." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. "चूक म्हणजे कुणीतरी त्या जागी क्षणभर नव्हतं गं. कुठं गेलं होतं ते? भूक लागली होती, की घरी तापलेलं पोर होतं? बरोबर लिहिलेल्या ओळीत माणूस दिसत नाही. चुकलेल्या ओळीत दिसतो."

तिनं पानं उलटी चाळली, मागं मागं, पहिल्या पानापर्यंत.

पहिल्या पानावर पिवळं पडलेलं कात्रण होतं. शेजारी टाचणीनं लावलेली मूळ प्रत. निधनवार्ता. गावातल्या प्रसिद्ध डॉक्टरांचे थोरले भाऊ वारले होते. बातमीदार 'यांचे थोरले बंधू' अशा अर्थाची ओळ आधी विसरला, मग त्यानं ती समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, उभी लिहिली. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं समास पाहिलाच नाही. छापून आलं ते असं, की खुद्द डॉक्टरच वारले. दुसऱ्या सकाळी दवाखान्यासमोर फुलं घेऊन रांग लागली आणि दार उघडलं ते डॉक्टरांनी. डॉक्टर पोट धरून हसले. पेपरचे मालक हसले नाहीत. "तपासायला सोबत कोण होतं?" असं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "कुणी नाही. मी एकट्यानं तपासलं." त्यानंतर निवृत्तीपर्यंतची बारा वर्षं बाबा तळघरात कागदाची रिळं मोजत बसले. पेन्सिल पुन्हा हातात मिळाली नाही.

तिसऱ्या रकान्यात, अडतीस वर्षांच्या वेगवेगळ्या शायांनी, ओळीवर ओळ चढली होती.

'मैनेनं वाचलं असणारच. मला ऐकू आलं नाही. का?'

'यंत्राचा आवाज? नाही. त्या वेळी यंत्र बंद होतं, नोंद पाहिली.'

'कान तपासून घेतले. ठीक.'

'दुसऱ्यांदा तपासून घेतले. ठीक.'

'आदल्या रात्री झोप झाली होती का? आठवत नाही.'

'मन कुठं होतं माझं?'

शेवटची ओळ जाड स्केचपेननं, वाकडीतिकडी, गेल्याच वर्षीची. 'अजून कळलं नाही.'

"मैने? कितवं पान?"

"पहिलं."

बाबांची बोटं थांबली. "ते सोड. ते कोडं काही सुटायचं नाही आता. दुसऱ्याच्या चुका शोधता शोधता वाटलं, माझीही एक दिवस सापडेल. सगळं करून पाहिलं. एक ओळ कानावर पडते आणि ऐकू येत नाही, म्हणजे माणूस गेला तरी कुठं?" ते हसले, पण ओठांच्या एकाच बाजूनं. "माझ्यामागं ही वही टाकू नकोस हं. एखाद्याला सुटेल."

मैनेनं टाचणी काढली. मूळ प्रत हातात घेतली. कागद पापुद्र्यासारखा झाला होता. ती खुर्चीत बसली, अगदी समोर, मग आठवलं आणि खुर्ची जरा कडेला सरकवली, जिथून त्यांना ती दिसत असे.

"वाचते," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"ऐका तर."

तिनं वाचलं. नाव, कॉमा. वय, कॉमा. चाल तीच, आवाज बावन्न वर्षांचा. ती ओळ आली. तिनं कागद आडवा फिरवला. कागद फिरवल्याची कुरकुर झाली. समासातली ओळ तिनं शब्द न् शब्द वाचली, शेवटच्या कॉमासकट. कागद पुन्हा सरळ केला. पुन्हा कुरकुर.

बाबांची मान पुढं आली. कान टवकारावेत तशी.

"हा आवाज," ते हळू म्हणाले. "कागद फिरवल्याचा. हा आवाज तेव्हा..."

"झालाच नव्हता, बाबा." तिनं प्रत मांडीवर ठेवली. "खाली मैत्रीण सायकल घेऊन आली होती. तिनं घंटी वाजवली, एकदा, दोनदा. मला समासातली ओळ दिसली होती. कागद फिरवायचा कंटाळा केला आणि तशीच पुढं गेले. पुढच्या फुलस्टॉपला वाटलं, सांगावं; तर तुम्ही म्हणालात, छान वाचतेस गं मैने, जा खेळायला. मी गेले. तुमचे कान ठीक होते, बाबा. ती ओळ मी वाचलीच नव्हती."