दोरीचं दुसरं टोक

दौलतरावांच्या कापसाच्या गोदामात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पोत्यांवर बसली होती, दारात उभी होती, दोघंचौघं तर वजनकाट्यावरच मांडी घालून बसले होते. मधोमध दोन खांबांना एक लोखंडी पाइप आडवा बांधलेला, आणि त्या पाइपाखाली गादीवर गाठसोडे महाराज.

महाराजांचं खरं नाव आमच्या आंजी गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. माणसाची प्रत्येक अडचण म्हणजे एक अदृश्य गाठ, आणि ती आपण सोडतो, असं ते सांगत. लग्न जुळत नाही, गाठ आहे. म्हैस आटली, गाठ आहे. मोबाइलला रेंज मिळत नाही, हे अजून कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिथंही गाठच निघाली असती.

त्यांची पद्धत साधी होती. महाराज पाइपावर जाड दोरी गुंडाळून एक गाठ मारत. दोरीचं एक टोक गावातल्या दोन दणकट माणसांच्या हाती देत आणि दुसरं, सैल टोक ज्याच्यावर संकट आहे त्याच्या हाती. मग आवाज चढवत. ‘‘खींचो भाई! पूरी ताकत से! बंधन पक्कं आहे का नाही, लोकांना दिसू द्या!’’ दोघं घाम गाळत ओढत, गाठ तसूभर हलत नसे. मग त्या दोघांनी दोरी सोडायची, सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडायचे आणि महाराजांनी काहीतरी पुटपुटायचं. शेवटी ते मऊ आवाजात म्हणत, ‘‘आता तुझ्याच हातानं सोड, बेटा.’’ सैल टोकाला हलकासा हिसका बसला की अख्खी दोरी पाइपावरून सुटून खाली पडे.

त्या दिवशीच्या दोन दणकट माणसांपैकी एक मी होतो. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. खताची पोती रोज उचलतो, म्हणून दौलतरावांनी मला पुढं केलं. तळहात लाल होईपर्यंत मी ओढलं. मी स्वतःला जरा चिकित्सक समजतो, पण हात जोडायची वेळ आली तेव्हा मीही डोळे मिटले. का मिटले, ते आजही नीट सांगता येत नाही. बाकीच्यांनी मिटले होते, एवढंच.

सैल टोक आचलच्या हातात होतं. तेरा वर्षांची, शोभाबाईंची एकुलती एक मुलगी. शोभाबाई दीड एकरात भाजी पिकवतात आणि बाजारात स्वतः बसून विकतात. आचलला चार वर्षांपासून मिरगीचा त्रास आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी तो बराच आटोक्यात आला होता, पण गोळ्या रोज घ्याव्या लागत. आईच्या मनाला नेमकं तेच खात होतं. लेकीला जन्मभर गोळ्या लागल्या तर पुढं कसं व्हायचं?

दोरी सुटली आणि शोभाबाई रडायलाच लागल्या. रडता रडता हसत होत्या. महाराजांनी जाहीर केलं की झटके गेले. आता गोळ्या बंद करायच्या, कारण गोळीनं गाठ पुन्हा बसते. आणि सव्वा महिना पाण्याजवळ मुक्काम करायचा नाही.

या शेवटच्या अटीनं मी हादरलो, आणि त्याचं कारण फार थोर नव्हतं. मी गावातल्या स्काउट-गाइड पथकाचा स्वयंसेवक आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या ज्योत्स्ना मॅडम गाइडच्या कॅप्टन. त्या मुलींना शिकवतात आणि मी तंबू, पाण्याची टाकी, शौचालयाची सोय आणि तांदळाचा अंदाज पाहतो. पुढच्याच आठवड्यात पवनारला, धाम नदीपासून जरा वर, आमचं तीन दिवसांचं शिबिर ठरलं होतं. मुलींच्या मुक्कामाला किमान दोन बायका हव्यात, हा मॅडमचा न मोडणारा नियम. एक त्या स्वतः आणि दुसऱ्या शोभाबाई. दुसरी बाई मिळवायला मी महिनाभर दारोदार फिरलो होतो. शिबिर म्हटलं की सगळ्यांना शेकोटीची गाणी आठवतात, पण ते उभं राहतं ‘मी येते’ म्हणणाऱ्या एका बाईवर. म्हणून मुक्काम नदीपासून वर आहे, पाण्याजवळ नाही, असं सांगून मी शोभाबाईंना कसंबसं राजी ठेवलं.

पुढच्या बुधवारी दुपारी शाळेच्या मैदानावर सराव चालू होता. आचल तंबूचा खुंटा ठोकत होती. ती मध्येच थांबली, नजर एका जागी लागली आणि ती कोसळली. हातपाय ताठ झाले, मग झटके येऊ लागले. मुली घाबरून मागं सरल्या. मी धावलो तो तिच्या नाकाला लावायला कांदा शोधायला.

ज्योत्स्ना मॅडमनी आधी तिच्याजवळचा हातोडा आणि खुंटे दूर सारले. आपला स्कार्फ दुमडून तिच्या डोक्याखाली ठेवला, तिला हळूच एका कुशीवर वळवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसल्या. तोंडात काही घातलं नाही, हात दाबून धरले नाहीत. मी शेजारच्या घरातून कांदा घेऊन परतलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘भूपेंद्रभाऊ, तो कांदा भाजीत घाला. पाच मिनिटांवर गेलं तर गाडी लागेल, गाडीचं बघा.’’

दोन मिनिटांत झटके थांबले. पण मॅडमनी मला शिबिराचं आरोग्यपत्रक आणायला सांगितलं. आई-वडिलांनी भरून दिलेली सगळी पत्रकं माझ्याकडेच होती, एका पिशवीत, नीट रबर लावून. आचलच्या पत्रकावर शोभाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘चालू औषध – बंद. गाठ सुटली.’ ते चार दिवस माझ्या दुकानात पडून होतं. पत्रकं गोळा करणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तेव्हा कळलं, आणि मॅडमच्या नजरेला नजर देववेना.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या अचानक बंद केल्यामुळेच हे झालं असावं, लगेच सुरू करा, असं सांगितलं. शोभाबाईंना शेतातून यायला वेळ लागणार होता. बाकावर बसल्या बसल्या आचल मॅडमशी बोलली.

‘‘मॅडम, मले गोदामातच समजलं होतं. ते आपली ड्रॉ हिच गाठ होय. तुमी शिकवली तीच.’’

‘‘मग तू बोलली काऊन नाई?’’ मीच विचारलं.

‘‘आई हासून राह्यली होती, काका. तिले असं हासतानी मी पाह्यलंच नोतं.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘अन् मलेई वाटलं, गाठ खोटी असली तरी बिमारी खरंच गेली असंन.’’

मॅडमनी तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला.

शोभाबाई आल्या, डॉक्टरांचं ऐकलं, मान हलवली आणि तिथून थेट महाराजांकडे गेल्या. महाराजांना कारण सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ही पोरगी स्काउटात रोज गाठी मारते ना? मग सुटलेलं बंधन पुन्हा बसणारच! संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. अकरा घरांतून निरोप आले की आमची मुलगी शिबिराला येणार नाही. गाठी शिकवणं बंद करा, असंही दोघांनी सुचवलं. गाठी न मारता तंबू कसा उभा करायचा, हे मात्र कोणी सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गुरुवार. आचलचं बंधन दुसऱ्यांदा सुटणार होतं. मॅडम म्हणत होत्या, मी बोलते, तू मागं राह्य. आचल ऐकेना. तिचं म्हणणं असं की हिसका तिनं मारला होता, तेव्हा सांगायचंही तिनंच.

महाराज दोरी उचलायच्या आधीच ती पुढं झाली आणि म्हणाली, ‘‘महाराज, आज गाठ मी मारू का?’’ लोकांना वाटलं, विधीतलाच काही प्रकार असेल. तिनं दोरी दुमडली, पाइपामागून एक फास काढला, त्यात दुसरा ओवला, त्यात तिसरा, आणि आवळली. एक टोक माझ्या आणि दौलतरावांच्या हाती दिलं. आम्ही ओढलं. दौलतरावांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, गाठ जागची हलली नाही. मग तिनं आम्हाला सोडायला सांगितलं आणि लोकांकडे वळून म्हणाली, ‘‘डोये उघडेच ठेवा.’’

तिनं दुसरं टोक ओढलं. दोरी सळकन खाली पडली. मंत्र नाही, पुटपुट नाही.

महाराज हसले. म्हणाले, ‘‘बेटा, रस्सी में मेरी शक्ती है. इसलिए.’’

मॅडमनी दारातल्या बैलगाडीचा कासरा मागवला. त्याची गाठही तशीच घट्ट बसली आणि तशीच सुटली. मग त्यांनी सावकाश, वर्गात समजावतात तसं, समजावलं. ही गाठ एका टोकाला कितीही ओझं पेलते, पण दुसरं टोक ओढलं की आतला फास निघतो आणि सगळीच सुटते. उंचावरून दोरीनं उतरलेल्या माणसाला खालूनच दोरी सोडवून घेता यावी, म्हणून ती उपयोगी. ओढणाऱ्यांच्या हाती नेहमी पहिलं टोक येतं आणि पीडिताच्या हाती दुसरं. डोळे मिटायला लावतात ते भक्तीसाठी नाही, कोणतं टोक कशाचं ते कोणी बघत बसू नये म्हणून.

एवढ्यात आचलनं पाइपाला दोन वेढे देऊन वर साध्या अर्ध्या गाठी मारल्या. महाराजांसमोर हात जोडले. ‘‘आता हे सोडा. हात न लावता, फक्त मंत्रानं.’’

महाराजांनी डोळे मिटले. ओठ हलवले. पुन्हा हलवले. छपरावर पारवे घुमत होते. कोपऱ्यातून एक म्हातारबाबा काळजीनं म्हणाले, ‘‘जोरानं म्हना महाराज, दोरीले ऐकू नाई येत असंन.’’ हशा उसळला. महाराजांनी डोळे उघडून सांगितलं की त्यांची मौनाची वेळ झाली. मौन त्यांनी दौलतरावांच्याच जीपमध्ये बसून पाळलं आणि दुपारच्या आत ते आंजीबाहेर होते. पोलीस ठाण्यात तक्रार मॅडमनी दिली. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, दौलतरावांचीही आहे.

पण हशात एक माणूस हसत नव्हतं. शोभाबाई खाली बसल्या होत्या.

‘‘म्हंजे माह्या पोरीची गाठ सुटलीच नाई?’’

आचल त्यांच्याजवळ जाऊन बसली. ‘‘गाठ नोतीच, आई. बिमारी होय. गोयीनं दबते.’’

‘‘पन जाईन कवा?’’

लेकीनं मॅडमकडे पाहिलं. हे आपल्यालाही ठाऊक नाही, असं मॅडमनी कबूल केलं, आणि शुक्रवारी आम्ही चौघं सेवाग्रामला गेलो.

शोभाबाईंनी तिथल्या तरुण डॉक्टर बाईंना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘नक्की सांगता येत नाही. दोन-तीन वर्षं एकही झटका आला नाही, तर तपासून हळूहळू गोळी कमी करता येते का, ते बघू. काहींची सुटते. काहींची नाही सुटत. तरी शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात.’’ शिबिराला जाऊ द्या, फक्त गोळी चुकवू नका, झोप पुरी होऊ द्या आणि पाण्यात एकटी सोडू नका, असंही त्यांनी लिहून दिलं.

पवनारचं शिबिर झालं. नाही म्हणालेल्या अकरांपैकी नऊ मुली आल्या. शोभाबाईंनी तीन दिवस स्वयंपाक सांभाळला आणि दोन्ही वेळा आचलची गोळी स्वतःच्या हातानं दिली. शेवटच्या दुपारी भांडी विसळताना मी त्यांना सहज विचारलं की महाराजांवर एवढा भरवसा ठेवला होता, तो डॉक्टर बाईंवर कसा काय बसला?

त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि म्हणाल्या, ‘‘महाराजाले सगळं मालूम होतं, भाऊ. त्या बाईनं सांगतलं, मले नक्की मालूम नाई. खोटं बोलाचं असतं, तर तिनं असं काऊन सांगतलं असतं?’’

मी कितीतरी पुस्तकं वाचली आहेत, आणि गोदामात डोळेही मिटले आहेत. माझ्यासारख्यांना एवढीच विनंती आहे. ज्याला सगळंच ठाऊक आहे असा माणूस समोर आला, तर हात जोडायचे असले तरी जोडा, पण डोळे उघडे ठेवून जोडा. आणि ‘मला माहीत नाही, तपासून सांगतो’ असं म्हणणारा भेटला, तर मुलांना त्याच्याकडे न्या.