पुतळ्याला हात लावायचा नाही

“आई, पुतळा-पुतळात आजोबा कधीच हरत नाहीत,” मोजे चढवता चढवता मुंगी म्हणाली.

“घरात तर कधी खेळताना दिसत नाही तुम्ही.”

“पुलावर खेळतो. आजोबा कठडा धरतात आणि एकदम पुतळा होतात. मी ‘सुटला’ म्हटलं तरी हलत नाहीत. पुतळ्याला हात लावायचा नाही, हाका मारायच्या नाहीत, आणि आईला…” तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पाच वर्षांची पोर उगाच तोंडावर हात ठेवत नाही.

सासऱ्यांचं बायपास माझ्या लग्नाच्या आधीचं, बारा वर्षांपूर्वीचं. छातीतलीच एक धमनी वळवून जोडली होती आणि दोन शिरा पायातून काढून लावल्या होत्या. त्यांनी उभा जन्म बस चालवली, त्यामुळे पाहुण्यांना ते पोटरीवरचा लांब व्रण दाखवून सांगायचे, “जुना रस्ता तुंबला, बायपास काढला. आता सुसाट!” सगळे हसायचे. पहिली काही वर्षं ते तपासणीला गेले, मग ‘सुसाट’ म्हणत घरीच राहिले.

मुंगीला बालवाडीतून आणायचं काम त्यांनी माझ्याकडून भांडून घेतलेलं. मधे रेल्वेचे रूळ, त्यावर पादचारी पूल, चढायला उंच जिना, आणि पलीकडे उतरलं की थेट रहदारीचा रस्ता.

“बाबांना एकदा दाखवून आणू या,” मी नवऱ्याला म्हणाले.

“आता काय झालं?”

“पुलावर थांबतात.”

“अगं, सत्तरीचा माणूस जिना चढून थांबणार नाही तर काय नाचणार? मुंगीला उचकी लागली तरी तू डॉक्टरांना फोन करतेस.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. “ऑपरेशन झालंय ना त्यांचं? आता कसली भीती? झालं ते झालं.”

तेच तर. या घरात बायपास म्हणजे झालेली गोष्ट होती, देवीची लस टोचावी तशी. दुपारी मी वाचत बसले. वळवलेली धमनी बहुतेकदा वर्षानुवर्षं साथ देते. पायातल्या शिरांचं तसं नसतं. दहा वर्षांत त्यातल्या जवळजवळ निम्म्या बंद पडतात, आणि पुष्कळदा बाहेरून काही कळतही नाही. मूळ रस्ता तुंबवणारा रोग बायपासनं जात नाही, तो नव्या रस्त्यालाही लागतो.

संध्याकाळी मी त्यांनाच विचारलं. “बाबा, पुलावर दुखतं का?”

“आल्या हवालदारीणबाई! काही दुखत नाही. जबडा जरा अवघडतो, दात आलेत म्हातारपणी.” हसता हसता त्यांनी विषय मुंगीच्या चित्रांवर नेला. त्यांचा डावा हात मात्र टेबलाखाली होता आणि ते मूठ उघडत, मिटत होते. जेवण होईपर्यंत मला तेवढंच दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी काम लवकर आटपून बालवाडीबाहेर औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. स्वतःच्या सासऱ्यांवर पाळत ठेवायची, कसंसंच वाटत होतं.

ते निघाले. मुंगीचं दप्तर त्यांच्या खांद्यावर. जिन्याशी त्यांनी नेहमीचंच असल्यासारखं तिचं बोट सोडलं, ती टणाटण वर गेली. मी खालूनच पाहत होते. मधल्या टप्प्यावर ते टेकले, पुन्हा चढले. पुलावर चार पावलं गेले आणि कठडा धरून थांबले.

मुंगी पार पलीकडच्या जिन्यापाशी पोचली होती. “सुटला!” ती ओरडली.

ते हलले नाहीत. हनुवटी छातीशी, दप्तर घसरून कोपरात. माणसं शेजारून जात होती, एकानं तर ‘आजोबा, बाजूला उभे राहा की’ म्हणून सुनावलंही. मुंगी गप्प उभी राहिली, नियमाप्रमाणे. तिच्या पाठीमागे उतरता जिना, त्याखाली गाड्यांचा आवाज. खालून रेल्वेगाडी गेली, पूल थरथरला, आणि कंटाळून ती एक पायरी मागे उतरली.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही.

“मुंगे, तिथंच थांब! कठडा धर!”

बाबांचं कपाळ ओलंचिंब झालं होतं. मी त्यांना खाली बसवलं. त्यांनी खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. म्हणजे गोळी होती. कुणीतरी लिहून दिली होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

“जाईल आता,” ते पुटपुटले. “सूनबाई, घरी बोलू नकोस.”

“कधीपासून चाललंय?”

“पुन्हा छाती फाडून घेणार नाही मी. शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी, हात बांधलेले. ओरडायचं होतं, आवाज नव्हता.” त्यांनी मुंगीकडे पाहिलं. ती आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली होती, हात पाठीमागे बांधून. “हिला घाबरवायचं नव्हतं, म्हणून खेळ काढला. एवढं एक काम राहू दे माझ्याकडे.”

“बाबा, ती खाली उतरत होती. रस्त्याकडे.”

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. त्यांनी फोन धरलेला माझा हात दाबला, पण दाबण्यात जोर नव्हता.

रुग्णालयात मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. पायातून काढलेल्या शिरांपैकी एकीचा नुसता खुंट दिसत होता, दुसरी मुळापासूनच गायब. छातीतली धमनी तेवढी चालू होती, तीही जोडावर दोऱ्याएवढी बारीक.

“सगळा भार हिच्या एकटीवर आहे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा छाती उघडायचा सल्ला मी देणार नाही. जोडापाशी फुगा घालून जाळी बसवता येईल. पण काम करताना हीच बंद झाली, तर मागे दुसरा रस्ता नाही.”

“आणि नाही केलं तर?” नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“औषधं देऊ. पण आज पुलावर झालं ते पुन्हा होणार. कधी, ते नाही सांगता येत.”

सासूबाई पलंगाची कड धरून उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई बाबांकडे वळल्या. “काका, निर्णय तुमचा.”

“मग माझा निर्णय असा, की सूनबाईनं सांगावं,” ते म्हणाले. आवाजात ना राग, ना थट्टा. “तिनंच इथवर आणलंय. ती सगळं वाचते.”

नवरा माझ्याकडे पाहू लागला. सासूबाईही. उचकीला डॉक्टर बोलावणारी मी, त्या क्षणी मला काहीही माहीत नव्हतं. वाचलेलं सगळं पुष्कळ माणसांविषयी होतं. हा एकच माणूस होता.

“करा,” मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. कर्मचाऱ्यांनी पलंगाची चाकं सोडवली. दारापाशी मुंगी भिंतीला चिकटून उभी होती. जाता जाता त्यांनी तिच्याकडे हात पुढे केला.

तिने माझ्याकडे पाहिलं. “लावू हात?”

“लाव,” मी म्हणाले, पण तोवर पलंग पुढे गेला होता.