शेवटचं कडवं

आईचं गाणं एका परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, हे मला ती गेल्यानंतर कळलं. आई मंडईत भाजी विकायची. नव्वदच्या दशकात एक संशोधक बाई तिचा आवाज टेपवर घेऊन गेल्या होत्या. आता त्या टेपा संगणकावर चढवल्या होत्या. गाण्याखाली लिहिलं होतं : रचना – पारंपरिक. गायिका – अज्ञात स्त्री. वापर – सर्वांना खुला.

गाणं आईनं स्वतः रचलेलं. मी तसं विद्यापीठाला कळवलं. या ध्वनिसंग्रहाच्या प्रकल्पाचं पुण्यातलं काम पाहणाऱ्या अभिनवचं नम्र उत्तर आलं : लेखी पुरावा लागेल. आईला लिहिता येत नव्हतं. शेवटच्या कडव्यात तिचं नाव येतं, असं मी पुन्हा कळवलं. उत्तर : ध्वनिमुद्रणात असं कडवं नाही, आणि आपण कन्या असल्यानं आपली साक्ष हितसंबंधी ठरते.

संग्रहाचं औपचारिक उद्घाटन सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात होतं. निमंत्रणात ‘समाजाचा सहभाग’ मागितला होता, म्हणून मी मंडईतल्या बायकांनाच घेऊन गेले. हुस्नबानूमावशी पहिल्या रांगेत बसली. तिचा लिंबांचा गाळा आईच्या गाळ्याला लागून.

“खुर्च्या मऊ आहेत गं श्रद्धा,” ती म्हणाली. “म्हणजे भाषणं लांबणार.”

लांबलीच. मग नमुना म्हणून आईचं गाणं लावलं.

डोईवर पाटी माझ्या, पाटीत हिरवा मळा
शहर जागं करी बायांचा मोकळा गळा

तिचा आवाज इतका तरुण असेल असं वाटलं नव्हतं. मी पायांकडे बघत राहिले. गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. पण हुस्नबानूमावशी थांबली नाही. तिच्यामागे सगळ्या जणी गाऊ लागल्या.

इंदू म्हणे, बायांनो, हात लावा पाटीला
एकटीला पेलंना, गाणं घ्या गं वाटून

टाळ्या विरल्या. व्यासपीठावर अभिनव माइक घेऊन पुढे आला.

“हे... मूळ फितीत आहे का?” त्यानं विचारलं.

“आम्हाला काय विचारता?” मावशी म्हणाली. “फीत तुमच्याकडे.”

त्यानं लॅपटॉपवर न कापलेलं ध्वनिमुद्रण शोधून लावलं. गाणं थांबलं तिथे बायकांचा गलका होता, कुणीतरी भाव विचारत होतं. तो गलका ऐकूनच पुढचं कापलं गेलं असणार. गलक्यानंतर आई खाकरली आणि गायली : इंदू म्हणे, बायांनो...

अभिनवनं मान खाली घातली. “चूक आमची आहे, मॅडम. नाव सांगा.”

“इंदुबाई रासकर.” माझा आवाज नीट निघाला.

पडद्यावर, सगळ्यांसमोर, ‘पारंपरिक’ पुसलं गेलं आणि आईचं नाव उमटलं. बायकांनी शिट्ट्या मारल्या.

“आणि वापराच्या रकान्यात काय लिहू?”

मी बायकांकडे पाहिलं. गाणं त्यांनाही वाटून दिलेलं होतं.

“लिहा,” हुस्नबानूमावशी म्हणाली, “मंडईत येऊन विचारायचं. सकाळी. गिऱ्हाइकाच्या वेळेला नाही.”

सभागृह हसलं. अभिनवनं ते जसंच्या तसं लिहिलं.

“आता पहिल्यापासून लावा,” मी म्हणाले. “पूर्ण.”