आग्या मोहोळाचा कडा

मिनानं पेपरातली ती बातमी दोनदा वाचली, तरी अनुसयाबाईनं तिसऱ्यांदा वाचायला लावली. औंढ्याजवळच्या डोंगरावर फिरायला आलेल्या पाहुण्यांवर मधमाश्यांचा हल्ला. वाट दाखवणाऱ्या तांड्यातल्या बाईनं धोक्याची कसलीही कल्पना दिली नव्हती, असं लॉजमालक व्यंकटराव यांनी सांगितलं. सून वाचत होती आणि सासूचा एक डोळा सुजून मिटलेला होता. अंगातले काटे दोन दिवसांत निवायला लागले होते, हे शब्द मात्र जास्तच ठणकायला लागले.

व्यंकटरावनं अठ्ठ्याण्णव साली लॉजच्या दारात 'डोंगर सहल' असा बोर्ड लावला, तेव्हापासून गेली चार वर्षं हे चाललं होतं. नागनाथाचं दर्शन उरकलेल्या लोकांना सकाळी जीपमधून तांड्यापर्यंत आणायचं, तिथून अनुसयाबाईनं त्यांना डोंगराच्या धारेवर न्यायचं. डिंक गोळा करता करता तिची सगळी धार पायाखालची झालेली. कोणता दगड हलतो, मोर कुठं उतरतात, कुठं उभं राहिलं की खाली देवळाचं शिखर दिसतं, हे तिला ठाऊक. पाहुणे मोहाच्या सावलीत भाकरी-ठेचा खायचे, खुशीत परत जायचे. चार वर्षांत कुणाचा पाय मुरगळला नव्हता.

त्या रविवारी नांदेडची दहाबारा माणसं आली. जीपचा डायव्हर पुंजाजी पाण्याचे कॅन घेऊन मागं होता. कड्याशी येताच अनुसयाबाईनं सगळ्यांना थांबवलं. वर कपारीला आग्या मोहोळाची सात पोळी लोंबत होती, सुपाएवढी काळीभोर.

"हितून पुढं मोठ्यानं बोलू नका," तिनं बजावलं. "काडी पेटवू नका. आन् दगड तर हातातबी घेऊ नका."

लाल टोपीवाला एकजण हसला. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. माश्या उडताना फोटो चांगला येईल, असं तो मित्राला म्हणाला, आणि ती पुढं वळते न वळते तोच त्यानं दगड भिरकावला. पहिला चुकला. दुसरा लागला.

मग माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. टोपीवाला सगळ्यांत पुढं. त्याची बहीण, चष्म्याची बाई, अडखळून पडली. अनुसयाबाईनं डोक्यावरची जाड ओढणी काढून तिच्यावर टाकली आणि वरून स्वतः पालथी पडली. पाठ, मान, तोंड सगळं उघडं. पुंजाजीनं वाळलं-ओलं गवत पेटवून धूर केला, म्हणून दोघी वाचल्या.

आणि आता पेपरात हे. अनुसयाबाई उठली, मिना नको नको म्हणत असताना डोंगर उतरून तडक औंढ्याला गेली.

दोघंतिघं फार सुजल्यामुळं नांदेडची मंडळी अजून लॉजवरच होती. ओसरीत चहा चालला होता. व्यंकटरावनं तिला बघितलं आणि बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. पेपरवाले काहीही छापतात, चार दिवसांत लोक विसरतील, तू घरी जाऊन आराम कर, असं तो समजुतीनं सांगत राहिला. एरवी ती त्याला मालक म्हणायची.

"व्यंकटराव, दगड कोणी मारला ते हितं सगळ्यांदेखत इचारा."

टोपीवाला कपातच बघत बसला. अनुसयाबाई चष्म्याच्या बाईपुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, म्या सांगितलं व्हतं का न्हाई? तुमी माझ्या बाजूलाच व्हत्या."

बाईनं भावाकडं पाहिलं, मग खाली. "गडबडीत मला नीट आठवत नाही," ती हळूच म्हणाली.

हिच्यासाठी आपण आपली पाठ माश्यांना दिली! अनुसयाबाईला हात उगारावासा वाटला. तिनं मूठ आवळून तो खालीच धरला.

"माझी ओढणी आना."

बाईनं आतून ओढणी आणली. धुऊन, घडी घालून ठेवलेली होती. अनुसयाबाईनं ती हिसकून घेतली.

तेवढ्यात जीपजवळून पुंजाजी पुढं आला. या बाईनं आधीच बजावलं होतं, दगड ह्या टोपीवाल्यानं मारला, मी डोळ्यानं पाहिलं, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. व्यंकटरावनं तिथंच त्याच्याकडून जीपची चावी मागून घेतली. पुंजाजीनं ती त्याच्या हातात न देता ओसरीवर ठेवली.

पुढच्या रविवारी व्यंकटराव स्वतः जीप चालवत नवे पाहुणे घेऊन आला. तांड्यातलं कुणी वाट दाखवायला उठलं नाही. अनुसयाबाई पायवाटेवर मधोमध बसली होती. सुजलेलं तोंड तिनं झाकलं नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं, तसं तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते ऐकून लोक आपणहून जीपकडं वळले.

महिन्याभरानं व्यंकटराव एकटाच आला. झालं गेलं सोडून दे, सीझन बुडून राहिला, असं म्हणाला.

"पेपरात छापून आना, बाईनं सांगितलं व्हतं म्हनून. मंग चालते मी."

"लॉजचं नाव खराब होईल ना बाई."

"आन् माझं?"

तो जीप वळवून निघून गेला. तशी बातमी कधी छापून आली नाही, आणि अनुसयाबाईनंही शब्द फिरवला नाही. पुंजाजी वसमतच्या रस्त्यावर दुसऱ्याची काळीपिवळी जीप चालवायला लागला. कुणी डोंगराचं विचारलं तर त्यांना थेट तांड्याच्या फाट्यावर सोडायचा. त्यांना ती झऱ्याच्या बाजूनं धारेवर न्यायची. कड्याकडं काहून न्हाई, असं कुणी विचारलंच, तर ती जागेवर थांबायची आणि लॉजच्या नावासकट सगळं सांगायची. दरवेळी तिचा आवाज तितकाच चढायचा.