कॉम्प्युटरातलं निर्माल्य

टुंग!

वेदिकाला नुकतंच थोपटून झोपवलं होतं. पंखा एकवर होता. मागच्या दारी वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाईंचाही हात मंदावला होता. मखमलाबाद नाक्यावरच्या त्या दोन खोल्या दुपारच्या पोटात अशा गुडूप झालेल्या असताना कॉम्प्युटरने तो आवाज काढला, आणि मंजुषाने आधी गादीकडे पाहिलं. लेकीने ओठ चाटले, कूस बदलली. वाचलो! मग तिने पडद्याकडे पाहिलं. राखाडी चौकटीत सकाळपासूनची तीच तक्रार होती. डिस्क भरली आहे, जागा नाही, प्रिंट निघणार नाही.

"अरे राजा," ती पुटपुटली, "आजच्या दिवस तरी पोटात जागा कर की रे."

काम खंडेराव आबांचं होतं. आबांची झेंडूची शेती, आणि लाडकी नात साधना हिचं लग्न. तुळशीचं लग्न उरकलं की पंचवटीत पत्रिकांची एकच घाई उडते, पण आबांची घाई वेगळी होती. त्यांच्या घरी पहिली पत्रिका वणीच्या गडावर देवीपुढे ठेवल्याशिवाय दुसरी कोणाच्या हातात देत नाहीत, आणि ती घेऊन आबा उद्या पहाटेच्या एसटीने निघणार होते. छापखानेवाल्या देवरामने सांगून ठेवलं होतं, "ताई, शटर ओढायच्या आत ट्रेसिंग द्या. रात्रीतून छापतो." म्हणजे आज संध्याकाळपर्यंत पत्रिका ट्रेसिंग पेपरवर उतरायलाच हवी होती.

आणि या पत्रिकेवरचा गणपती मंजुषाने स्वतः काढलेला होता. सीडीवरचा नाही, कोणाच्या जुन्या पत्रिकेवरून स्कॅन केलेला नाही. वेदिका झोपली की, कुकर निवायला लागला की, माउस धरून एकेक पाकळी काढत तिने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती. आबांनी तो पडद्यावर पाहिला आणि चष्मा काढून पुसला. "ही तर आमच्या मळ्यातली फुलं," एवढंच म्हणाले. मंजुषाला त्या रात्री झोप आली नव्हती, आनंदाने.

तो गणपती 'खंडेराव' नावाच्या फोल्डरात सुखरूप होता. अडचण होती ती बाकीच्या गणपतींची.

काय नव्हतं त्या कॉम्प्युटरात! मेन रोडवरून आणलेल्या सीड्या तिने जशाच्या तशा आत ओतल्या होत्या. सनईवाले, डोल्या, केळीचे खांब, मेंदीचे हात, वेलबुट्ट्यांच्या किनारी. आणि गणपती तर मोजायच्या पलीकडचे. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "ताई, पोट जरा कमी करा." की झाला नवा गणपती. दुसरं म्हणायचं, "फेटा बांधा." आणखी एक. एकदा तिने पत्रिकेचा तोल साधावा म्हणून चित्र आरशासारखं उलटं केलं आणि डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा झाला. नवऱ्यामुलाची आत्या रडकुंडीला आली, "याचं सोवळं कोण सांभाळणार?" तोही जपून ठेवलेला होता. नावं तरी काय! गणपती नवीन, गणपती नवीन दोन, गणपती फायनल, गणपती फायनल खरा, गणपती आता शेवटचा.

भारत, तिचा नवरा, सकाळी सातपूरच्या बसला पळता पळता म्हणाला होता, "फॉरमॅट मारून टाक." जसं काही घर झाडायला जमत नाही म्हणून घरच पाडायचं.

तिने निश्चय केला आणि सुरुवात केली. माउसने एक गणपती पकडला, बटण दाबून ओढत आणला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर सोडला. गडप! दुसरा. गडप. तिसरा.

"काय करती गं?"

मागे सासूबाई उभ्या होत्या. भागुबाई. काखेत वाटाण्यांची पाटी, कपाळावर चष्मा. सगळी हयात फुलबाजारात गेलेली, त्यामुळे हळू बोलायची सवय नाही.

"साफसफाई, आत्याबाई. हळू बोला, उठेल ती."

"आन हा डबा कशाचा?"

"कचऱ्याचा," मंजुषा म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला कळलं की आपण चुकलो.

भागुबाई खुर्चीजवळ आल्या. डोळे बारीक करून त्यांनी डबा पाहिला, मग सुनेकडे पाहिलं. "गणपती कचऱ्यात? आगं, लग्नपत्रिका जुनी झाली तर आपण रद्दीत देत नाय. देव हाय वर म्हणून गंगेवर नेतो. आन तू ढकलती सरळ उकिरड्यात? दसऱ्याला हळद-कुंकू लावलं या मशिनीला, मी सोता माळ घातली!" माळ खरंच अजून होती. पडद्याच्या डोक्यावर, वाळून चुरा झालेली.

"अहो, चित्रं आहेत ती."

"आन मग देवघरात काय हाय? तसबीरच ना?"

घड्याळ पुढे सरकत होतं. सासूबाईंशी वाद घालत बसण्यापेक्षा डब्याचंच काहीतरी करावं, असं तिच्या मनात आलं, आणि हात आपोआप चालू लागले. तिने इवलासा चौकोन उघडला आणि त्यात ठिपक्या-ठिपक्यांनी एक हिरवा कलश काढला. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, निर्माल्य टाकायला ठेवतात तसा. एक रिकामा, एक फुलांनी भरलेला. मग डब्यात गेलेले तिघे बाहेर काढले आणि सेटिंगमध्ये जाऊन डब्याचं चित्र काढून टाकलं. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता तिथे आता निर्माल्य कलश उभा राहिला.

भागुबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून कलश निरखला. "आता कसं," त्या म्हणाल्या आणि वाटाण्यांची पाटी घेऊन खुर्चीशेजारी मांडी घालून बसल्या. "चल. दाखव एकेक."

आता नवीच पंचाईत. त्यांचा हिशेब फुलांचा. जे एकदा वाहिलं ते निर्माल्य, जे वाहायचं राहिलं ते उद्याचं. "हा कोणाच्या पत्रिकेवर गेला?" "गोजराबाईंच्या मुलाच्या." "झाला निर्माल्य. हा?" "हा पण. आणि हाच नवसाबाईंच्या घरी पण दिला होता."

भागुबाईंनी शेंग हातातच धरली. "एकाला वाहिलेलं फूल तू दुसऱ्याला दिलंस?"

"आत्याबाई! चित्र कोमेजत नाही."

"लोकायला ठाव हाय का पण?"

मंजुषाला हसू आवरेना. पण असं करत बसलं तर एकही गणपती शिल्लक राहणार नव्हता, आणि उद्या पुढचं गिऱ्हाईक आलं तर दाखवायचं काय? ती पडद्यावरच्या त्या गर्दीकडे पाहत राहिली. एकाच गणपतीचं पोट कमी केलेलं, त्याचाच फेटेवाला, त्याचाच उलटा. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला.

"आत्याबाई, फूल वाहिलं की झाड उपटता का तुम्ही?"

"येडी का काय!"

"मग हा मूळ गणपती ना, तो झाड. याच्यापासून गिऱ्हाइकासाठी जे जे बनवले ती फुलं. झाड ठेवायचं. वाहिलेली फुलं उचलायची."

भागुबाईंनी विचार केला. दाणा तोंडात टाकला. "आसं आधी सांगायचं नाय का," त्या म्हणाल्या.

मग काय, काम असं धावत सुटलं की पुसू नका. "हे झाड. हे फूल. हेबी फूल. आगं हा सनईवाला गाल फुगवून मरायचा, जाऊ दे त्याला. ह्या डोलीत कोण बसतं आता, काढ!" सगळी वाहिलेली फुलं मंजुषा 'वाहिलेली' नावाच्या एका फोल्डरात गोळा करत होती. इतकी वर्षं जे टाकायची छाती होत नव्हती ते आता हसत हसत जात होतं. एका कोपऱ्यात तिला तिचाच पहिला गणपती सापडला, लग्नानंतर पहिल्यांदा माउस धरला तेव्हा काढलेला. बटाट्याला सोंड फुटलेली. "हा?" तिने विचारलं. "हे रोप हाय," भागुबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

एवढ्या गलक्यात वेदिका उठली नसती तरच नवल. डोळे चोळत आली आणि आजीच्या मांडीत शिरली. "आजी, बाप्पा कुठे चालले?"

"गावाला. जा, अक्षता आण."

"आत्याबाई, आता पूजा नको, देवराम शटर..."

"उत्तरपूजा केल्याबिगर पाठवायचं? दोन मिंटं लागत्यात."

अक्षता आल्या. गूळ-खोबरं आलं. पडद्यावर मोजक्याच वस्तू उरल्या होत्या, त्यात 'वाहिलेली' एक आणि तिच्या शेजारी 'खंडेराव'. भागुबाईंनी पडद्याला अक्षता वाहिल्या, कीबोर्डात पडल्या तेवढ्या मंजुषाने फुंकून काढल्या. "आता मूर्ती जागेवरून जराशी हलवायची," भागुबाई म्हणाल्या. "दे तो उंदीर इकडं. त्याचंच वाहन हाय म्हणा."

त्यांनी माउस मुठीत धरला, खाली दाबला आणि इंचभर सरकवला. मंजुषाचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. वेदिकाचेही. भागुबाईंनी माउस सोडला आणि त्यांनीही डोळे मिटले.

"आता मी! आता मी!" वेदिकाने बोट पुढे केलं. मंजुषाने 'वाहिलेली' निवडून दिली, लेकीने कळ दाबली. फोल्डर पडद्यावरून निघाला आणि कोपऱ्यातला कलश फुलांनी भरून गेला. वेदिकाने टाळ्या पिटल्या. "पुढच्या वर्षी लवकर या!"

आता फक्त कलश रिकामा करायचा. त्यानंतर मात्र काही परत येत नाही, हे मंजुषाला ठाऊक होतं. पडद्याने विचारलं, नक्की ना? तिने बोट बटणावर ठेवलं.

"थांब!" भागुबाई कडाडल्या. "तसंच सोडती का? तीन बार वर काढायचं आसतं. पाण्यात घालायचं, वर काढायचं, तोंड बघायचं. मग सोडायचं."

"आत्याबाई..."

"तीन बार."

मंजुषाने सुस्कारा टाकला, कलश उघडला. आत गणपतींची नावं ओळीने उभी होती. वरून खाली सरकवली. "एक," वेदिका म्हणाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. "दोन." तिसऱ्यांदा मंजुषाचा हात मधेच थबकला.

खंडेराव गणपती. खंडेराव पत्रिका.

तिने झटकन कलश बाजूला सारला. पडद्यावर पाहते तो 'वाहिलेली'च्या शेजारची जागा रिकामी. 'मूर्ती हलवताना' भागुबाईंनी हलवला होता तो नेमका खंडेरावांचा फोल्डर, आणि सोडला होता शेजारच्या फोल्डरच्या आत. एक बोट दाबलं असतं की झेंडूची ती सगळी माळ, पाकळीन् पाकळी, गेली असती.

तिने त्या दोन नावांना परत बोलावलं. आले. उघडून पाहिलं. सोंड होती, माळ होती, साधनाचं नाव होतं. तिला रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं.

भागुबाईंचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातानं गेलं व्हय गं?"

"तुमच्या हातानं गेलं आणि तुमच्याच तोंडानं परत आलं," मंजुषाने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "मी तर सोडूनच देत होते."

"त्यालाच जायचं नसंल," भागुबाई लगेच सावरल्या. "गडावर जायचंय त्याला."

मग कलश रिकामा झाला. प्रिंटरने घसा खाकरला, आणि अर्धपारदर्शक कागदावर गणपती हळूहळू बाहेर आला, आधी मुकुट, मग सोंड, मग माळ. नेमक्या त्याच वेळी दारात सायकल टेकवून खंडेराव आबा आत आले.

"काय वो वैनी, तुम्हीबी कॉम्प्युटर शिकल्या काय?"

"शिकले. तुमच्या गणपतीला पार गंगेपोतर पोचवून माघारी आणला."

"बाजारातबी माझी फुलं आशीच पळवायच्या तुम्ही!" आबा हसले. त्यांना काहीच कळलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही. त्यांनी कागद उजेडात धरला, कपाळाला लावला, पिशवीत सरळ उभा ठेवला आणि छापखान्याच्या दिशेने सायकल हाकली. अजून उजेड होता. देवरामचं शटर उघडं असणार होतं.

मंजुषा खुर्चीत मागे रेलली. पडदा किती मोकळा दिसत होता! सारवलेल्या अंगणासारखा. मोजकी झाडं, एक बटाट्याचं रोप आणि कोपऱ्यात रिकामा कलश. वेदिका तिच्या मांडीवर चढली, गूळ लागलेलं बोट कलशावर टेकवलं.

"आई, बाप्पा त्यांच्या आईकडे गेले ना?"

"हो गं सोन्या."

"सगळे?"

"सगळे."

वेदिकाने थोडा विचार केला. कपाळावर अगदी आजीसारखी आठी पडली.

"मग एवढे सगळे बाप्पा एकदम दारात उभे राहिले, तर पार्वतीआईला कसं कळणार, यातला तिचा कोणता?"