रुमालाखालचे पैलवान

अमरिका नावाच्या मुलखात सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले आणि त्याचा पैसा आमच्या वलगावात आला. कसा, ते मला विचारू नका. मी तालमीचा वस्ताद, मला उरावर बसणं तेवढं कळतं. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं अमरावतीच्या बाजारात बोलत होते. आमच्या जानराव पाटलांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, आणि त्याच सुमारास पाटलांनाही शिंगं फुटली.

दर माघात मूर्तिजापूरच्या अलीकडे नदीकाठी जत्रा भरते. तिथे कुस्त्या होतात. अमरावतीच्या बाजूने आमचं वलगाव उतरतं, अकोल्याच्या बाजूने खुशालराव देशमुखांची माणसं. जो जिंकेल तो मानाचं निशाण वर्षभर आपल्या गावात लावतो. आम्ही बरीच वर्षं हरत होतो. पण घरच्या पोरांनिशी हरत होतो, त्यामुळे कुणाची भाकरी कडू होत नव्हती. पैसा आला आणि पाटलांना हरणं परवडेना.

एके सकाळी ते तालमीत आले. जोडे दाराशी काढायचे एवढं भान अजून होतं. आमच्याकडची काळी माती कापसाची आई आणि पैलवानाची सावत्र आई. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाय धरून ठेवते. म्हणून तालमीची लाल माती मी मेळघाटाच्या डोंगरातून गाडीगाडीने आणली होती. चाळून, हळद, ताक आणि तेल पाजून ती लोण्यासारखी केली होती. त्यात माझी अर्धी हयात गेली. पाटलांनी त्या मातीकडे बघितलं आणि जागा किती पावलं भरते ते मोजलं.

"वस्ताद, औंदा निशान आपल्या गावात येते. मंग ही जागा मले कापसाच्या गठानीले लागन."

"आन् पोट्टे कुठी खेळतीन?"

"कायले खेळाचं? पैलवान इकत भेटून राहिले. इकत भेटते ते पिकवाचं काहून?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पाटलांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

पैलवान विकत आणायचं काम महादेवराव दलालाकडे गेलं. हा मुळात कापसाचा दलाल. कापसाचा सौदा कसा होतो, तुम्हाला ठाऊक आहे: रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही. महादेवरावाने माणसांचा सौदाही तसाच केला. बुऱ्हाणपूरकडच्या कुठल्याशा आखाड्यात गेला, दंड चाचपले, रुमाल टाकला, बोटं दाबली आणि मल्लांनी भरलेल्या गाड्या घेऊन आला. मी एकच विचारलं, हे कोणत्या वस्तादाचे पठ्ठे?

पाटील हसले. "कापूस घेतानी कोनी वावर पुसते काय, वस्ताद?"

मग गावात पैलवानांचं राज्य आलं. गावातलं दूध त्यांना, तूप त्यांना, अमरावतीहून आलेले बदाम त्यांना. भाकरीने त्यांचं पोट दुखे, म्हणून गव्हाच्या पोळ्या. पाटलांच्या बायको मैनाबाई चुलीपुढून उठायच्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "एवढ्यात बैल आनले असते, वस्ताद, तर वखर तरी चालला असता. यायले तर उठून पानीबी घेता येत नाई."

आणि त्यांना तेल चोळायला कोण? तर सहदेव. नत्थुजी माळ्याचा पोरगा, माझा सगळ्यात चांगला पठ्ठा. सकाळी वांग्यांना पाणी द्यायचा, संध्याकाळी मातीत उतरायचा. या वर्षी वलगावची पहिली जोड त्याचीच होती, ती पाटलांनी कापली. सहदेव जत्रेला चोळणारा म्हणून निघाला. मला मात्र फार राग आला होता, आणि तो मी त्याच्यावरच काढला. "लंगोट घेतला काय?" मी ओरडलो.

"घेतला, वस्ताद. तेलाच्या बुधल्याखाली हाय."

जत्रेत आखाड्याच्या एका बाजूला जानराव, दुसऱ्या बाजूला खुशालराव. हलगी वाजली. आमचे मल्ल दंड थोपटत उतरले. पलीकडून खुशालरावांचे मल्ल उतरले. समोरासमोर आले, थांबले, आणि आमच्यातला सगळ्यात आडदांड गडी वाकून त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मल्लाच्या पाया पडला. मग गळाभेटी सुरू झाल्या. कुणी कुणाच्या बायकोची तब्येत विचारत होता, कुणी तिथेच फतकल मारून बसला.

महादेवरावाने दोन्हीकडून दलाली खाल्ली होती. एकाच आखाड्यात दोन रुमाल टाकले होते, आणि रुमालाखालचं शेजाऱ्याला दिसत नाही हा तर त्या धंद्याचा कायदाच. एका वस्तादाचे पठ्ठे भर आखाड्यात एकमेकांशी कधी लढत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं. कापसाच्या दलालाला कोण सांगणार? एका वावरातली बोंडं दोघांना विकली म्हणून कापसाचं काही बिघडत नाही.

पाटील धावत गेले. "पैसे घेतले ना? लढा!"

तो आडदांड गडी बसल्या जागेवरून म्हणाला, "पाटीलसाहब, लंगोट बेचा है. उस्ताद नहीं बेचा."

तिकडे भाऊ लढले म्हणून पैसा आला होता, इकडे भाऊ लढेनात म्हणून चालला होता. मी आयुष्यात इतका कधी हसलो नाही. महादेवराव तेवढ्यात जत्रेत दिसेनासा झाला होता.

पंचांनी सांगितलं, घरचा एकेक गडी तरी उतरवा, नाहीतर निशाण देवळातच राहील. तेव्हा पाटलांना तालीम आठवली. माझ्याकडे आले ते जवळजवळ हात जोडून. "वस्ताद, सहदेवले उतरवा."

"तालीम राहीन?"

"राहीन."

"आखाड्याच्या नारळावर हात ठेवा."

ठेवला. सगळ्यांच्या देखत. सहदेव ऐकत होता.

पलीकडून उतरला चंद्रभान नावाचा गडी. तोही महिनाभर त्यांच्या मल्लांना तेलच चोळत होता. दोघांचे हात असे तेलकट की पकड म्हणून बसेना. लोक हसून लोळले. सहदेवने मूठभर माती घेतली, हातांना चोळली, कपाळाला लावली. मग हसणं थांबलं. चंद्रभानही कच्चा नव्हता, दोनदा त्याने सहदेवला गुडघ्यावर आणलं.  त्या गुडघ्याखाली माझी सगळी तालीम होती. तिसऱ्यांदा सहदेव आत शिरला, ढाकेचा डाव मारला आणि चंद्रभानला आभाळ दाखवून त्याची पाठ मातीला लावली. मी रडलो. लोकांना वाटलं, निशाणासाठी.

परतताना पहिल्या गाडीत निशाण, पाटील आणि सहदेव. बदाम खाणारे मागच्या गाड्यांतून झोपून आले. वलगावच्या शिवेपाशी जिथे नाल्याच्या पाण्याने माघातही गाड्या काळ्या चिखलात रुततात, तिथे चाकं कशी अलगद चालली. पाटील खूश झाले. सहदेवने खाली वाकून बघितलं आणि चालत्या गाडीतून उडी मारली. रस्ता लाल होता. हळदीचा आणि आंबूस ताकाचा वास येत होता.

मी तालमीकडे धावलो. दारापर्यंत कापसाच्या गठाणी रचलेल्या होत्या.

"जत्रेले निंगतानीच गड्यायले सांगून आलतो," पाटील म्हणाले. "मी शब्द देल्ला तवा माती निंगाली होती. मंग शब्द कुठी मोडला?"

असा हिशेब मांडायला पाटीलच व्हावं लागतं. संध्याकाळी त्यांनी निशाण उभारलं, सहदेवला पागोटं बांधलं आणि चांदीचं कडं पुढे केलं. "पुढच्या वर्सी पयली जोड तुही. आतापासून पक्की."

सहदेवने पागोटं काढून पाटलांच्या हातात दिलं. "पाटील, कुस्तीच्या आंधी आमी माती कपाळाले लावतो. आमची माती तुमी गाड्याखाली टाकली. आता गाड्याच लढवा."

पुढच्या वर्षी अमरिकेतल्या भावांचं मिटलं. भाव कोसळला, तालमीतल्या गठाणींवर कुणी रुमाल टाकेना. जत्रेत वलगावकडून कुणीच उतरलं नाही, आणि निशाण अकोल्याकडे गेलं. त्या रस्त्याने रोज गाड्या जातात. सहदेव वांग्याची पाटी घेऊन बाजाराला निघतो, त्या लाल पट्ट्याशी येतो, वहाणा काढून हातात घेतो आणि तेवढा रस्ता अनवाणी चालतो. मागून गाडीवाले ओरडतात, बाजूला हो. तो होत नाही, आणि मी त्याला व्हायला सांगत नाही.